गोष्ट लिहिणारा आणि गोष्टीचा मालक

विरार लोकलने भाईंदरची खाडी ओलांडली की नायगाव येतं. स्टेशनाच्या पूर्वेला, महामार्गाच्या दोन्ही अंगांना आणि पुढे कामणच्या दिशेने, गेल्या काही वर्षांत टीव्ही मालिकांचे सेट उभे राहिले आहेत. बाहेरून पाहिलं तर पत्र्याची शेड, आत राजवाडा, पोलीस ठाणं किंवा जिना असलेलं एकत्र कुटुंबाचं घर. यामागचं कारण सरळ आहे. १९७७ साली गोरेगावला सरकारने चित्रनगरी उभारली, पण रोज एक भाग देणाऱ्या मालिकेला तोच सेट महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे अडवून ठेवावा लागतो. एवढी जागा गोरेगाव-अंधेरीत परवडेना, तेव्हा उद्योग मढ, मीरा रोड, घोडबंदर करत खाडीपलीकडे सरकला. मनुष्यबळ इथे आधीच राहत होतं. लाइटमन, मेकअपवाले, स्पॉटदादा, सहायक दिग्दर्शक असे या व्यवसायातले कितीतरी लोक नालासोपारा-विरारच्या चाळींत आणि इमारतींत राहतात. २०११ च्या जनगणनेतच वसई-विरार महापालिकेची लोकसंख्या बारा लाखांवर गेली होती, आणि त्या गर्दीत टीव्हीच्या पगारावर चालणारी घरं थोडी नाहीत. लेखक मात्र या सेटवर क्वचितच दिसतो. तो कुठेतरी भाड्याच्या खोलीत बसून उद्याचे प्रसंग आज लिहितो, आणि कागद पोहोचेपर्यंत कलाकार मेकअप करून तयार असतात. या प्रकरणाचा विषय हा लेखक आहे, आणि लेखणी न सोडता निर्माता होण्याची त्याची वाट. माझं म्हणणं असं की टीव्हीवरच्या लेखकाची कारकीर्द किती काळ टिकेल हे त्याच्या प्रतिभेइतकंच, किंबहुना जास्तच, या गोष्टीवर ठरतं की लिहून झाल्यावर कथेत त्याचा काही वाटा उरतो की नाही.

याचा सर्वांत ठळक पुरावा याच रेल्वेमार्गावर सापडतो. डहाणू आणि घोलवड मागे टाकलं की उंबरगाव. आज ते गुजरातेत आहे, पण १ मे १९६० पर्यंत हा तालुका ठाणे जिल्ह्यातच होता. राज्यं वेगळी झाली तेव्हा त्यातली गावं गुजरातकडे गेली. तिथल्या वृंदावन स्टुडिओत रामानंद सागर यांनी ‘रामायण’ चित्रित केलं. सागर यांना आपण निर्माता-दिग्दर्शक म्हणून ओळखतो, पण त्यांचा पिंड लेखकाचा. जन्म १९१७ चा, लाहोरजवळचा. तरुणपणी क्षय झाला तेव्हा रुग्णशय्येवरून लिहिलेल्या त्यांच्या दैनंदिनीमुळे उर्दू वाचकांत त्यांचं नाव झालं. फाळणीत सगळं मागे टाकून मुंबईला आल्यावर त्यांनी ‘और इन्सान मर गया’ ही कादंबरी लिहिली. राज कपूर यांच्या १९४९ च्या ‘बरसात’ची कथा-पटकथा त्यांची, आणि ‘पैगाम’च्या संवादांसाठी त्यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. पण केवळ लिहून द्यायचं आणि पैसे घेऊन बाजूला व्हायचं, या पद्धतीवर ते थांबले नाहीत. १९५० च्या सुमारास त्यांनी स्वतःची सागर आर्ट्स ही संस्था काढली. ‘घूंघट’, ‘आरजू’, ‘आँखें’, ‘चरस’ असे चित्रपट केल्यावर, ज्या वयात चित्रपटसृष्टीतले लोक निवृत्त होतात त्या वयात ते टीव्हीकडे वळले. आधी ‘विक्रम और बेताल’ केलं. त्यात अरुण गोविल होते आणि दीपिका चिखलियाही होत्या. मग २५ जानेवारी १९८७ ला ‘रामायण’ सुरू झालं, तेव्हा सागर सत्तरीला टेकले होते.

‘रामायण’च्या श्रेयनामावलीकडे मराठी माणसाने एकदा बारकाईने पाहावं. वाल्मीकी आणि तुलसीदास यांच्याबरोबर तिथे कंबन आहे, कृत्तिवास आहे, आणि एकनाथांचं ‘भावार्थ रामायण’ही आहे. म्हणजे पटकथेच्या टेबलावर निरनिराळ्या भाषांतली रामायणं उघडी होती, आणि कुठला प्रसंग कुठून घ्यायचा, कुठे थांबायचं, कुठे रेंगाळायचं हे एकच माणूस ठरवत होता. लेखन, निर्मिती आणि दिग्दर्शन यांचा अंतिम शब्द त्याच्याकडे होता. मंजुरी ५२ भागांची होती, मालिका वाढत जाऊन ७८ भागांची झाली. तिचा संथपणा, एकेका प्रसंगावर अर्धा-अर्धा भाग खर्च करण्याची तिची सवय, ही पुढे अनेकांनी दोष म्हणून सांगितली. मला ती त्या रचनेची खूण वाटते. प्रेक्षकाला गोष्ट ठाऊक आहे, तेव्हा पुढे काय होणार यावर ताण उभा करण्यात अर्थ नाही, प्रसंगाजवळ बसून राहण्यात आहे, हे ओळखायला लेखक लागतो. आणि ते शेवटपर्यंत निभावून न्यायला तो लेखक स्वतःच निर्माता असावा लागतो. दुसऱ्या कुणाच्या हातात निर्णय असता तर चौथ्या आठवड्यात कुणीतरी गती वाढवा म्हणालं असतं.

हे शक्य झालं ते त्या काळच्या व्यवहारामुळे, आणि त्या व्यवहाराच्या मुळाशी एक मराठी माणूस आहे. वर्ध्याचे खासदार वसंत साठे माहिती आणि प्रसारण मंत्री असताना मेक्सिकोतल्या लोकशिक्षणाच्या मालिका पाहून आले, आणि तसं काही इथे करावं ही कल्पना त्यांनी रुजवली. तिच्यातून ७ जुलै १९८४ ला ‘हम लोग’ सुरू झाली. मनोहर श्याम जोशींनी लिहिलेली, दीडशेहून अधिक भागांची, प्रायोजकाच्या पैशावर चाललेली पहिली मालिका. या प्रायोजित पद्धतीत दूरदर्शन वेळ देई, मालिकेवरचा खर्च प्रायोजकाकडून आणि जाहिरातींतून निघे, आणि तयार झालेली मालिका निर्मात्याकडे राहू शके. दूरदर्शनला दाखवण्याचा हक्क मिळे, कथा विकत मिळत नसे. याचा परिणाम काय झाला ते ‘रामायण’ सुरू झाल्यावर तेहतीस वर्षांनी दिसलं. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे टाळेबंदी लागली, चित्रीकरणं थांबली, वाहिन्यांकडे नवे भाग उरले नाहीत. २८ मार्चपासून दूरदर्शनने ‘रामायण’ पुन्हा दाखवायला घेतलं, तेव्हा ते सागर कुटुंबाकडून मिळवावं लागलं, आणि प्रसारभारतीच्या प्रमुखांनी त्या कुटुंबाचे जाहीर आभार मानले. १६ एप्रिलचा भाग ७ कोटी ७० लाख लोकांनी पाहिला, असं दूरदर्शनने जाहीर केलं. त्याच दिवसांत ‘महाभारत’ही पुन्हा लागलं होतं. त्याचे ९४ भाग डॉ. राही मासूम रज़ा यांनी लिहिले होते. आजही ती मालिका आठवली की काळाचा आवाज आणि संवादांची भाषा आधी आठवते, म्हणजे रज़ा आठवतात. पण मालिका बी. आर. चोप्रांच्या संस्थेची. रज़ा १९९२ मध्येच गेले होते. सागर आणि रज़ा दोघेही लेखक, दोघांचीही कामं तितकीच लोकप्रिय. फरक निर्मितीसंस्थेच्या पाटीवरच्या नावाचा होता.

यावर कुणी म्हणेल, सागरांचं यश रामकथेचं यश आहे, त्यात मालकीचं काय? रामकथा तर कुणाच्याच मालकीची नाही. ही हरकत वजनदार आहे, पण ती माझ्याच बाजूने साक्ष देते. रामकथा सर्वांची होती म्हणूनच नंतर इतरांनीही तिच्यावर मालिका काढल्या. खुद्द सागर आर्ट्सनेही २००८ साली नव्याने काढली. टाळेबंदीत मात्र लोकांना हवं होतं ते उंबरगावला घडलेलं विशिष्ट सांगणं. हक्क त्या सांगण्यावर होता, आणि लेखकाचं काम सांगण्याचंच असतं.

प्रायोजित मालिकांच्या आधीचा काळ वेगळा होता. दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ ला प्रायोगिक दूरचित्रवाणी सुरू झाली तेव्हा सुरुवातीच्या निर्मात्यांत पु. ल. देशपांडे होते. आकाशवाणीतून ते बीबीसीत प्रशिक्षणाला गेले आणि परत येऊन या नव्या माध्यमात काम करू लागले. देशातला बहुधा पहिला लेखक-निर्माता मराठी होता, ही अभिमानाची गोष्ट खरीच. पण ती नोकरी होती. पुढे २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई केंद्र सुरू झालं, तिथेही विनायक चासकर, विजया जोगळेकर-धुमाळे यांच्यासारख्या पगारी निर्मात्यांनी ‘गजरा’ किंवा ‘चिमणराव’सारखी कामं केली, ज्यांनी मराठी घरांना टीव्ही पाहायला शिकवलं. स्वातंत्र्य पुष्कळ होतं, बाजाराचा दट्ट्या नव्हता, पण केलेल्या कामात त्यांचा वाटा नव्हता आणि जपणुकीवर अधिकारही नव्हता. टेप महाग, म्हणून पुसून पुन्हा वापरायच्या ही तेव्हाची सर्रास पद्धत. मालकाला जे सांभाळून ठेवावंसं वाटत नाही ते कलावंताच्या हातून कायमचं जातं. पुलंनी ती नोकरी सोडली आणि १९६१ मध्ये ‘बटाट्याची चाळ’ एकट्याने रंगमंचावर आणली. त्यांच्या मनात काय होतं यावर मी बोलणार नाही, पण घटनांचा क्रम नजरेत भरतो: पुस्तक त्यांचं, प्रयोग त्यांचा, आणि तिकीटविक्रीचा हिशेबही त्यांच्याच घरी.

तिसरा काळ खासगी वाहिन्यांचा, आणि नायगावची शेड या काळाची. १९९२ मध्ये झी, १५ ऑगस्ट १९९९ ला अल्फा मराठी, पुढे ई टीव्ही मराठी, २००८ मध्ये स्टार प्रवाह. सुरुवातीला प्रतिमा कुलकर्णी यांच्या ‘प्रपंच’सारख्या मालिका झाल्या, जिथे लिहिणारी आणि दिग्दर्शित करणारी व्यक्ती एकच, आणि ते पडद्यावर दिसायचं. आठवड्याला एक भाग होता तोवर हे जमलं. रोजची मालिका आली तसा कामाचा विभाग झाला. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. वाहिनीची क्रिएटिव्ह मंडळी कथेचा ट्रॅक ठरवतात, गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात आणि पुढच्या आठवड्याचा ट्रॅक बदलतो. निर्माता एका भागामागे ठरलेली रक्कम घेऊन मालिका बनवून देतो. मालिका, तिची कथा, पात्रं, नावं, सगळं सहसा वाहिनीचं होतं. म्हणजे इथे निर्मातासुद्धा मालक नाही, तो कंत्राटदार आहे. आणि सेटही लेखकाला बांधतो. शेडमध्ये जेवढ्या खोल्या तेवढ्यातच कुटुंबाने भांडायचं, देवघर आणि जिना यांच्यामध्येच रहस्य उलगडायचं. एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रात चित्रीकरण बंद झालं तेव्हा अनेक युनिटं गोवा, दमण, सिल्वासा आणि पुन्हा त्याच उंबरगावला गेली, आणि लेखकांनी रातोरात कुटुंबांना सहलीला किंवा लग्नाला रिसॉर्टवर नेलं. हे कसब आहे, त्याला मी मनापासून दाद देतो. अशा कसबी लेखकाला मालिका संपल्यावर काय उरतं? श्रेयनामावलीतलं नाव, आणि नव्या कामाचा शोध.

कथा मात्र फिरत राहते. झी मराठीवरची ‘तुला पाहते रे’ २०१९ मध्ये कन्नडमध्ये ‘जोते जोतेयली’ झाली, मग तेलुगूत गेली. उलट दिशेनेही असंच. स्टार प्रवाहवरची ‘आई कुठे काय करते’ आणि हिंदीतली ‘अनुपमा’ या दोन्ही मालिका बंगाली ‘श्रीमयी’वरून आल्या. ‘श्रीमयी’च्या लेखिका लीना गंगोपाध्याय स्वतः निर्मात्याही आहेत, मॅजिक मोमेंट्स या संस्थेच्या भागीदार. बंगाली टीव्हीवर त्यांचं स्थान वर्षानुवर्षे टिकून आहे, याचं एक कारण मला हेच दिसतं की कोणती बाई, कोणत्या वयात, कोणत्या घरात, हे ठरवण्याची सुरुवात त्यांच्या टेबलावर होते. पन्नाशीकडे झुकलेली, नवऱ्याने गृहीत धरलेली बाई नायिका होऊ शकते, हे आकड्यांनी आधी सांगितलं नव्हतं. लेखिकेला तसं वाटलं आणि निर्मातीने ते करून पाहिलं. मग आकडे मागून आले, तेही तीन भाषांत.

वाहिन्यांच्या बाजूने सांगण्यासारखं पुष्कळ आहे. पैसा त्यांचा, जोखीम त्यांची, आपटली तर मालिका त्यांच्या अंगावर. मग हक्क त्यांनी का घेऊ नयेत? घ्यावेत. पण सगळे घ्यावेत हे त्यातून निघत नाही. अमेरिकेत टीव्ही लेखक मालिकेचा निर्माता असणं ही रूढ पद्धत आहे, तिथे त्याला शोरनर म्हणतात, आणि मालिकेचं स्वामित्व तरीही स्टुडिओकडे असतं. फरक एवढाच की पुनःप्रक्षेपणाचा वाटा लेखकाला मिळतो. तो वाटा ऑनलाइन काळात आटू लागला तेव्हा तिथले लेखक २०२३ मध्ये १४८ दिवस संपावर गेले. आपल्याला तर इतक्या लांब जाण्याचीही गरज नाही. मराठी व्यावसायिक रंगभूमीवर नाटककाराला प्रयोगागणिक मानधन देण्याची रीत आहे. नाटकाचा शंभरावा प्रयोग झाला तर शंभर वेळा लेखकाच्या नावे रक्कम निघते, आणि हौशी मंडळींनी नाटक करायचं म्हटलं तरी लेखकाची परवानगी लागते. नेपथ्य, नट, जाहिरात, नाट्यगृहाचं भाडं, सगळी जोखीम तिथेही निर्मात्याची. तरी लेखकाचा वाटा कुणाला जाचक वाटत नाही. १८८० मध्ये ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणणारे अण्णासाहेब किर्लोस्कर स्वतःच लेखक आणि मंडळीचे चालक होते. आचार्य अत्रे नाटकं लिहितालिहिता चित्रपटनिर्माते झाले आणि त्यांच्या ‘श्यामची आई’ला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं. लिहिणाऱ्याच्या हातात संस्था असणं ही आपल्याकडे नवी किंवा परकी गोष्ट नाही. टीव्हीवर येताना ती वाटेत सुटली.

दुसरी हरकत अधिक गंभीर आहे आणि मला तिचं उत्तर पूर्णपणे देता येत नाही. निर्माता होणं लेखकाला खाऊन टाकतं. जनरेटरचं डिझेल, सेटचं भाडं, कलाकारांच्या तारखा, वाहिनीकडून नव्वद दिवसांनी येणारे पैसे आणि त्याआधीच द्यावी लागणारी रोजंदारी, यांत सकाळ गेली तर संवाद कधी लिहायचे? साताऱ्याकडच्या मातीतून ‘लागिरं झालं जी’ लिहिणारे तेजपाल वाघ पुढे ‘कारभारी लयभारी’चे निर्माते झाले, ती मालिका नोव्हेंबर २०२० मध्ये सुरू झाली, म्हणजे साथीच्या ऐन मधल्या काळात. अशा वेळी संस्था चालवणं किती कठीण असेल याची कल्पना करता येते. प्रत्येक लेखकाने निर्माता व्हावं असं म्हणूनच मी म्हणत नाही. भांडवल नसलेल्या, नालासोपाऱ्याहून लोकलने येणाऱ्या, एकांकिका लिहून पुढे आलेल्या मुलीला ते सांगणं अन्यायाचं होईल. पण वाघ यांच्या वाटेने एक गोष्ट बदलते. पुण्या-मुंबईबाहेरची बोली आणि तिथलं घर कथेत आणायचं की नाही, हे ठरवणाऱ्यांच्या टेबलावर त्या बोलीचा माणूस बसतो. लेखक म्हणून तो विनंती करू शकला असता, निर्माता म्हणून तो प्रस्ताव ठेवतो.

ज्यांना संस्था काढायची नाही त्यांच्यासाठी कायदा आहे, निदान कागदावर. २०१२ मध्ये स्वामित्व कायद्यात दुरुस्ती झाली. चित्रपटात समाविष्ट झालेल्या साहित्यकृतीच्या लेखकाला, चित्रपटगृहाबाहेर होणाऱ्या वापराचा आपला मोबदला लिहून देऊन टाकता येत नाही, अशी तिची रचना आहे, आणि कायद्याच्या व्याख्येत दृश्यमुद्रण चित्रपटातच मोडतं. गीतकार आणि संगीतकारांना याचा उपयोग झाला, कारण त्यांच्या वतीने पैसे गोळा करणारी आयपीआरएस ही संस्था होती. पटकथा आणि संवाद लिहिणाऱ्यांच्या हाती तसा वसुलीचा मार्ग दीर्घकाळ बसलेला नव्हता, आणि एकट्या लेखकाने वाहिनीशी भांडायचं तर पुढचं काम गमवायची तयारी हवी. कामाचे तुकडे अनेकांनी केलेले असतात, वाटा कुणाला किती द्यायचा, हा प्रश्नही लगेच पुढे केला जातो. पण कथा, पटकथा, संवाद अशी नावं दर भागाच्या सुरुवातीला छापून येतातच, आणि तेच विभाजन हिशेबाला पुरेसं आहे. पुन्हा प्रक्षेपण, दुसऱ्या भाषेतला रिमेक आणि मोबाइल अॅपवरचं दाखवणं, या तीन ठिकाणी ठरलेला टक्का, एवढी तरतूद करारात आली तरी पुष्कळ झालं. कोणता भाग कधी, कुठे, किती वेळा दाखवला याची नोंद वाहिनीच्या संगणकात आधीच असते. नाटकाच्या प्रयोगाचा हिशेब वहीत ठेवून लेखकाचं पाकीट वेगळं काढणाऱ्या मराठी निर्मात्यांच्या पिढ्यांना तर एवढीही सोय नव्हती.